वाटेवरची प्रार्थना : वाचकांचे प्रश्न

रोजचं काम, येणंजाणं आणि यात्रा यांत ख्रिस्ती श्रद्धा कशी जगायची, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सहा या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : कामावर जाण्यायेण्यात रोज दीड तास बसमध्ये जातो. तो प्रार्थनेला द्यावा असं वाटतं, पण डोळे मिटले की डुलकी लागते आणि उघडे ठेवले की हात मोबाइलकडे जातो.

उत्तर : डोळे उघडेच ठेवा. बंद खोलीतल्या प्रार्थनेची नक्कल बसमध्ये करायला गेलात तर ती फसणारच. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत ५०वं प्रकरण खास अशांसाठी आहे. जे प्रवासात आहेत त्यांनी प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा सोडू नयेत, जमेल तशी प्रार्थना करावी, असं ते सांगतं. ‘जमेल तशी’ हे त्यातलं महत्त्वाचं.

दीड तासाचा नाद सोडा. जाताना दहा मिनिटं, येताना दहा मिनिटं, एवढंच धरा. सुरुवातीची खूणही ठरवून टाका : तिकीट काढून झालं की, किंवा अमुक थांबा गेला की. ‘जरा निवांत झालो की’ अशी वेळ धरलीत तर ती येत नाही. त्या दहा मिनिटांपुरता मोबाइल पिशवीत तळाशी.

जागा मिळाली असेल तर बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं घ्या. यरुशलेमेकडे चढून जाणाऱ्या यात्रेकरूंशी त्यांचा संबंध परंपरेनं जोडला जातो, म्हणजे ती मुळातच वाटेवरची. १३२वं अठरा वचनांचं आहे. बाकी एकही नऊ वचनांच्या पुढे जात नाही. रोज एक, असे कामाचे पाच दिवस धरले तर तीन आठवड्यांत फेरी पूर्ण होते. स्तोत्र दोनदा वाचायचं, एक ओळ उचलायची आणि पुस्तक मिटून तीच ओळ घेऊन बसायचं.

उभं राहावं लागत असेल तर येशूची प्रार्थना बरी : ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ पूर्वेकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ती शतकानुशतकं चालत आली आहे, आणि तिचा शेवट लूकच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायातल्या जकातदाराच्या तोंडचा आहे. ओठ न हलवता, सावकाश म्हणा. एक चूक बरेचजण करतात : श्वास मुद्दाम लांबवून शब्द त्यात बसवायला जातात आणि गरगरायला लागतं. श्वास आपोआप चालू द्या. मन भरकटलं की पुन्हा पहिल्या शब्दावर या. भरकटण्याचा हिशेब ठेवू नका.

दहा मिनिटं झाली की खुशाल झोपा. आपल्या प्रियजनांना देव झोप देतो, असं १२७वं स्तोत्रच म्हणतं. मात्र स्वतः गाडी चालवत असाल तर जपमाळ, पुस्तक काही नको. किल्ली फिरवण्याआधी प्रार्थना, नंतर लक्ष रस्त्यावर.

प्रश्न : भांडी घासणं, झाडलोट हीसुद्धा प्रार्थना होऊ शकते असं ऐकते. मी नळाचं पाणी पाहून बाप्तिस्मा आठवते, झाडू पाहून अंतःकरणाची शुद्धी. पण आता हे सगळं ओढूनताणून वाटतं.

उत्तर : तुम्हाला जे वाटतं ते बरोबर आहे. प्रत्येक वस्तूवर अर्थाची चिठ्ठी चिकटवत गेलं की चार दिवसांत त्याचं कोडं होतं, आणि लक्ष देवाकडे न राहता आपल्याच कल्पकतेकडे जातं.

या बाबतीत ब्रदर लॉरेन्स यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या कार्मेल मठात ते स्वयंपाकघरात राबत. त्यांना स्वयंपाकघराचं काम मुळात आवडत नसे, हे मात्र सांगायचं राहून जातं. त्यांची पद्धत साधी होती. काम सुरू करताना दोन वाक्यांत देवाशी बोलणं, मध्येमध्ये त्याची आठवण, काम संपल्यावर आभार, चूक झाली असेल तर कबुली आणि पुढे चालू. पहिली दहा वर्षं आपल्याला फार जड गेली, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तेव्हा दोन आठवड्यांत जमलं नाही म्हणून खट्टू होऊ नका.

दिवसातलं एकच काम निवडा, शक्यतो नावडतं. फक्त त्याची सुरुवात आणि शेवट देवाच्या हाती द्या. मधल्या वेळात भांडी नीट घासा. हे एक काम महिनाभर टिकलं तरच दुसरं जोडा.

प्रश्न : नोकरीच्या मुलाखतीला जाताना बस चुकली. घरचे म्हणतात, देवानंच थांबवलं. ही खूण समजून ती नोकरी सोडून द्यावी का?

उत्तर : नाही, एवढ्यावरून नाही. आधी फोन करून दुसरी वेळ मिळते का ते बघा.

यरुशलेमेतला शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, त्याबद्दल येशू काय बोलला ते लूकच्या १३व्या अध्यायात आहे. ती माणसं इतरांपेक्षा अधिक दोषी होती का, असं विचारून तोच ‘नाही’ म्हणतो आणि ऐकणाऱ्यांना स्वतःकडे बघायला लावतो. घटनेवरून देवाचा निकाल वाचायची घाई तो करू देत नाही.

अशा वेळी दोन दाखले हमखास पुढे केले जातात. पहिला गिदोनाच्या लोकरीचा, बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या ६व्या अध्यायातला : जमिनीवर ठेवलेली लोकर दवानं भिजावी, अशी खूण त्यानं देवाकडे मागितली. पण काय करायचं ते गिदोनाला आधीच स्पष्ट सांगितलं गेलं होतं. त्यानं खूण मागितली ती भीतीपोटी, आणि तीही दोनदा. मार्ग शोधायची पद्धत म्हणून ती गोष्ट तिथे आलेली नाही. दुसरा दाखला संत ऑगस्टीन यांचा. ३८६ साली मिलानमधल्या बागेत त्यांनी पौलाचं रोमकरांस लिहिलेलं पत्र उघडलं आणि जिथे नजर पडली त्या वचनानं त्यांचं आयुष्य बदललं. पण त्याआधी त्यांच्या मनात झगडा कित्येक वर्षं चालला होता, आणि ते वचन त्या झगड्यालाच भिडलं. पुढे याच ऑगस्टीननी एका पत्रात लिहिलं की, ऐहिक कामांच्या निर्णयासाठी शुभवर्तमानाची पानं उघडून कौल लावणं आपल्याला पसंत नाही.

खुणांचा घोटाळा कुठे होतो? आपल्याला हवं त्याच्या बाजूच्या खुणा आपण मोजतो, उलट्या विसरतो. ज्या दिवशी बस वेळेवर मिळाली त्या दिवशी ती खूण कोणी धरली नव्हती.

नोकरीचा निर्णय वेगळ्या रीतीनं घ्या. कामात अप्रामाणिकपणा करावा लागणार असेल तर खुणेची गरजच नाही, उत्तर मिळालेलं आहे. तसं नसेल तर पगार, अंतर, घरची जबाबदारी हे कागदावर मांडा. देवानं दिलेली बुद्धी वापरणं हा श्रद्धेचा अभाव नव्हे. मग ‘घेतली’ असं मनाशी धरून तीन दिवस काढा, ‘सोडली’ असं धरून तीन दिवस काढा, आणि रोज प्रार्थनेत मन कुठे स्थिर राहतं ते टिपा. पहिल्या तासाचा उत्साह मोजू नका, तिसऱ्या दिवशी काय उरलं ते पाहा. ते टिपण तुमच्या निर्णयात ज्यांचा स्वार्थ नाही अशा फादरना, पाळकांना किंवा पोक्त माणसाला दाखवा. जेसुइट संघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांचा एक नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे : मन कोरडं आणि उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये.

प्रश्न : रात्री दिवसाची तपासणी करायला बसतो तेव्हा एकतर पापांची यादी तयार होते, नाहीतर काहीच आठवत नाही. देव दिवसात कुठे होता हे शोधायचं तरी कसं?

उत्तर : यादी होते, कारण तुम्ही तिसऱ्या पायरीवरून सुरुवात करता. इग्नाशियस यांचा क्रम असा : आधी आभार, मग स्वतःला नीट पाहता यावं म्हणून कृपेची मागणी, मग दिवसाची उजळणी, मग क्षमा, शेवटी उद्याचा निश्चय. आभार पहिले आहेत, आणि ते वगळले की उरतो तो निव्वळ हिशेब. दहा मिनिटांत दोन मिनिटं आभारांना, एक मागणीला, चार उजळणीला, दोन क्षमेला, एक उद्यासाठी, अशी वाटणी चालते. आभार मोघम नकोत. ‘आरोग्याबद्दल धन्यवाद’ म्हणण्यापेक्षा ‘ओझं वर चढवायला एका अनोळखी माणसानं हात दिला’ हे बरं.

काहीच आठवत नाही याचं कारण बहुधा निवडलेली वेळ असते. अंथरुणात पडून हे करू नका. खुर्चीत, रात्रीच्या जेवणाआधी करा. जेसुइट परंपरेत ही तपासणी दुपारी आणि रात्री अशी दोनदा होते. दुपारी मागे वळून पाहायला पाच-सहाच तास असतात, त्यामुळे आठवणं सोपं जातं.

उजळणी घड्याळाप्रमाणे करण्यापेक्षा जागांप्रमाणे करा : घर, रस्ता, कामाची जागा, परतीची वाट. प्रत्येक जागी दोनच गोष्टी विचारा. इथे मन कुठे मोकळं झालं? कुठे आकसलं? ‘देव कुठे होता’ हा प्रश्न थेट विचारला की मन काहीतरी भव्य शोधत बसतं. येशू मेलेल्यांतून उठल्यावर अम्माऊस गावाच्या वाटेवर त्याला भेटलेले दोन शिष्य आठवा. सुमारे ११ किलोमीटरच्या त्या वाटेवर येशू सोबत चालला, बोलला, तरी त्यांनी त्याला ओळखलं नाही. भाकर मोडताना ओळखलं, आणि वाटेत आपल्या आत काहीतरी पेटलं होतं हे मागाहून उमगलं. म्हणून रोज एक ओळ लिहून ठेवा आणि तीस दिवसांनी सगळ्या ओळी सलग वाचा. एका दिवसात न दिसणारं तिथे दिसतं : कोणत्या माणसाजवळ आपण नेहमी चिडतो, कोणत्या कामानंतर हलके होतो.

एक सावधगिरी. अपराधीपणा पाठ सोडतच नसेल, क्षमा मागूनही पुन्हा पुन्हा तेच उगाळलं जात असेल, तर क्षमेच्या पायरीवर एकच गोष्ट ठेवा आणि मार्गदर्शकाशी बोला. अशा धास्तीनं खुद्द इग्नाशियसना १५२२च्या सुमारास स्पेनमधल्या मानरेसा इथे फार छळलं होतं. झोप, जेवण यांवर परिणाम होत असेल तर डॉक्टरांनाही भेटा.

प्रश्न : रविवारी लांबच्या प्रवासात असलो तर मिस्साचं (रविवारच्या उपासनेचं) काय? आम्ही कॅथॉलिक आहोत.

उत्तर : शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्सातही रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं, आणि तो कोणत्याही कॅथॉलिक चर्चमध्ये चालतो. निघण्याआधीच वाटेवरच्या चर्चच्या वेळा पाहून ठेवा. कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) घेण्याआधी एक तास खाणंपिणं वर्ज्य आहे. पाणी आणि औषध चालतं. आधीच माहीत असेल की जमणार नाही, तर आपल्या पॅरिश प्रीस्टना (आपल्या चर्चच्या मुख्य फादरना) विचारा. योग्य कारण असेल तर ते सूट देऊ शकतात. खरोखरच शक्य नसेल तर त्या दिवसाची वाचनं कुटुंबानं एकत्र वाचून प्रार्थना करावी.

प्रश्न : पवित्र भूमीच्या यात्रेला दुसऱ्यांदा जाणार आहे. मागच्या वेळी फोटो भरपूर आले, मन मात्र रिकामंच राहिलं.

उत्तर : चौथ्या शतकात नीसाचे बिशप ग्रेगरी स्वतः यरुशलेमेला जाऊन आले आणि त्यांनी लिहिलं की, जागा बदलल्यानं माणूस देवाच्या जवळ जात नाही. तरीही जायचं तर कसं, हे त्याच शतकातल्या एजेरिया या यात्रेकरू बाईंच्या वर्णनात सापडतं. प्रत्येक ठिकाणी पोहोचल्यावर त्यांचा क्रम ठरलेला : प्रार्थना, त्या जागेचा पवित्र शास्त्रातला उतारा, साजेसं स्तोत्र, पुन्हा प्रार्थना. पंधरा मिनिटांत होतं.

घरूनच तयारी करा. ठिकाणांची यादी मिळाली की प्रत्येकासमोर उतारा लिहा आणि वही सोबत घ्या. मोबाइलची बॅटरी नेमकी तिथे संपते. सगळी ठिकाणं सारखी जगता येत नाहीत, म्हणून दिवसाला एकच निवडा. तिथे वाचन आधी, फोटो नंतर. गटाचा पुढारी घाई करणारा असेल तर ती पंधरा मिनिटं निघण्याआधीच मागून घ्या.

‘खरी जागा कोणती’ या वादात अडकू नका. येशूच्या कबरेच्या दोन जागा दाखवतात. अम्माऊसच्या तर त्याहून जास्त आहेत, कारण लूकच्या काही हस्तलिखितांत यरुशलेमेपासूनचं अंतर ६० स्टेडिया (अंतराचं जुनं माप) आहे तर काहींत १६०. उतारा वाचायला दोन्हीकडे सारखाच येतो. आणि रडू आलं नाही म्हणून यात्रा वाया गेली असं समजू नका. उन्हात, गर्दीत, दमलेल्या पायांनी भावना येतीलच असं नाही.

परत आल्यावर लगेच सगळ्यांना फोटो दाखवत सुटू नका. प्रवासाहून परतलेल्या बंधूंनी बाहेर पाहिलेलं-ऐकलेलं सांगत बसू नये, असं बेनेडिक्ट यांची नियमावली ६७व्या प्रकरणात बजावते. एवढं कडक राहायची गरज नाही, पण आठवडाभर थांबा. त्या आठवड्यात रोज वहीतला एक उतारा पुन्हा वाचा, आणि त्या जागेचं काय आठवतं ते त्याखाली लिहा.