वाचकांचे प्रश्न : मराठीतला ‘येतो’ आणि इंग्रजीतला काळ

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची इंग्रजीविषयीची पत्रे या वेळी बरीच आली. एका पालकांनीही लिहिले आहे. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. इंग्रजी वाक्ये मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. वाचताना ती मोठ्याने म्हणावीत, अशी विनंती आहे.

प्रश्न : ‘मी काल मुंबईहून आलो आहे’ हे वाक्य मराठीत कोणालाही खटकत नाही. त्याचे मी ‘आय हॅव कम फ्रॉम मुंबई यस्टरडे’ असे भाषांतर केले, तर प्राध्यापकांनी त्यावर लाल रेघ मारली. ‘हॅव’ म्हणजे ‘आहे’ असे समजूनच मी लिहिले होते. मग चूक कोठे झाली?
— द्वितीय वर्ष कला शाखेचा विद्यार्थी, वेंगुर्ले

तुमचा मराठीचा कान शाबूत आहे आणि चूकही त्यातूनच झालेली आहे. मराठीत ‘आलो आहे’ असे म्हटले, की क्रिया झाली आणि तिचा परिणाम अजून टिकून आहे, म्हणजे मी अजून गावातच आहे, हे दोन्ही कळते. आणि त्या वाक्यात ‘काल’, ‘परवा’, ‘गेल्या गुरुवारी’ असा कोणताही शब्द घातला तरी मराठीला त्याचे काही वाटत नाही. इंग्रजीतील ‘हॅव कम’ हे रूपही परिणामच सांगते, परंतु त्याला संपलेल्या वेळेचा शब्द शेजारी चालत नाही. ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन 2019’ यांपैकी काहीही वाक्यात आले, की साधा भूतकाळच वापरावा लागतो : ‘आय केम फ्रॉम मुंबई यस्टरडे.’ वेळ सांगायची नसेल, किंवा ती वेळ अजून संपलेली नसेल, तर ‘हॅव’ योग्य ठरते. ‘आय हॅव कम फ्रॉम मुंबई’ बरोबर आहे आणि ‘आय हॅव मेट हर ट्वाइस धिस वीक’ हेही बरोबर आहे, कारण आठवडा अजून चालू आहे.

या निमित्ताने एक जोडी पाहण्यासारखी आहे. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, की आपण पडवीतून ‘आलो, आलो!’ असे उत्तर देतो. प्रत्यक्षात आपण जागचे हललेलेही नसतो, तरी क्रियापद भूतकाळाचे असते. वळणावर एस.टी.चे लाल टप दिसले की थांब्यावरची माणसे ‘गाडी आली’ म्हणतात, तेव्हाही गाडी पोहोचलेली नसते. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी चालू वर्तमानकाळ येतो : ‘आय ॲम कमिंग’, ‘द बस इज कमिंग’. उलट, कोणाच्या घरून निघताना ‘जातो’ म्हणणे आपल्याकडे अशुभ मानतात, म्हणून आपण ‘येतो’ म्हणतो. माझी एक विद्यार्थिनी तोंडी परीक्षा संपवून उठली, नम्रपणे ‘आय ॲम कमिंग, सर’ म्हणाली आणि बाहेर पडली. बाहेरगावचे परीक्षक पुढच्या मुलाला आत न बोलावता तिची वाट पाहत बसले. तिच्या सौजन्यात काहीच उणे नव्हते. ते सौजन्य इंग्रजीत ‘थँक यू, सर. गुड डे’ एवढ्यात मावते, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. मित्राच्या घरून निघताना ‘आय शुड गो नाऊ. सी यू’ म्हणावे.

म्हणून काळांची कोष्टके पाठ करण्यापूर्वी एक सवय लावून घ्या. मराठी क्रियापदाचे रूप पाहून इंग्रजी रूप ठरवू नका. क्रिया खरोखर केव्हा घडली, केव्हा घडणार आहे, की रोजच घडते, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. रेल्वे स्थानकावरील घोषणेत गाडी ‘इज अरायव्हिंग’ असल्याचे सांगतात तेव्हा ती फलाटावर लागलेली नसते, ती येण्याच्या बेतात असते. ठरलेल्या, जवळच्या भविष्यासाठी इंग्रजी हेच रूप वापरते, आणि आपणही ‘उद्या येतोय’ म्हणतोच. येथे दोन्ही भाषांचा मेळ बसतो, त्याचा फायदा घ्यावा.

प्रश्न : ‘आय ॲम लिव्हिंग इन चिपळूण सिन्स थ्री इयर्स’ या वाक्यात नेमक्या किती चुका आहेत?
— प्रथम वर्ष वाणिज्य, चिपळूण

दोन. मराठीतील ‘पासून’ दोन कामे करतो : ‘2022 पासून’ आणि ‘तीन वर्षांपासून’. इंग्रजीत ही कामे वाटून दिलेली आहेत. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’, आणि मधला अवधी मोजायचा तर ‘फॉर’. दुसरी चूक काळाची आहे. पूर्वी सुरू होऊन आजही चालू असलेल्या क्रियेसाठी मराठी वर्तमानकाळावर भागवते, तर इंग्रजीला ‘हॅव’ लागतो. ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन चिपळूण फॉर थ्री इयर्स’ असे वाक्य होईल.

प्रश्न : शब्दयोगी अव्ययांसारखे येणारे ‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’, ‘टू’ हे शब्द मी यादी करून पाठ केले आहेत, तरी बोलताना हमखास चुकतात. काही नियम आहे का?
— बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, देवगड

जागा आणि वेळ यांपुरते नियम आहेत आणि ते तुमच्या पाठ्यपुस्तकात असतील. बोलताना चूक होते ती बहुतेक क्रियापदांपाशी. आपण ‘त्याला विचारले’ म्हणतो, म्हणून तोंडून ‘आय आस्क्ड टू हिम’ निघते. इंग्रजीत मात्र ‘आय आस्क्ड हिम’, मध्ये काहीच नाही. ‘रत्नागिरीला पोहोचलो’ यातील ‘ला’ असाच ‘रीच्ड टू रत्नागिरी’ होऊन बसतो. ‘रीच्ड रत्नागिरी’ एवढेच पुरे. ‘विषयावर चर्चा केली’ याचे ‘डिस्कस्ड ऑन’ किंवा ‘डिस्कस्ड अबाउट’ होते, पण इंग्रजीत ‘डिस्कस्ड द टॉपिक’ म्हणतात. ‘माझ्यावर रागावली’ म्हणजे ‘अँग्री विथ मी’, ‘कुत्र्याला घाबरतो’ म्हणजे ‘अफ्रेड ऑफ डॉग्ज’, आणि ‘त्याच्याशी लग्न झाले’ म्हणजे ‘मॅरीड टू हिम’. यात तर्क शोधत बसू नये. मराठीतही आपण ‘कुत्र्याला’ घाबरतो आणि ‘कुत्र्यापासून’ दूर पळतो, ते का, हे कोणी आपल्याला शिकवलेले नाही. ऐकून ऐकून ते जिभेवर बसले.

यादी मोडून टाका. वहीत सुटा ‘ऑफ’ न लिहिता ‘अफ्रेड ऑफ’ ही अख्खी जोडी लिहा आणि तिच्यापुढे स्वतःविषयीचे एक खरे वाक्य लिहा. रोज तीन जोड्या खूप झाल्या. त्याच वहीत ‘परीक्षा देणे’ हेही टिपून ठेवा : प्रमाण इंग्रजीत परीक्षा विद्यार्थी ‘टेक’ करतो, ‘गिव्ह’ करत नाही.

प्रश्न : आमच्याकडे पर्यटकांसाठी घरगुती निवासाची सोय आहे. परप्रांतीय आणि क्वचित परदेशी पाहुणे येतात. मला लिहिलेले इंग्रजी कळते, पण पाहुणे समोर आले की वाक्य घशात अडकते. घरात सरावाला दुसरे कोणी नाही.
— तृतीय वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी, मालवण

सरावाला माणूस नाही असे तुम्ही लिहिता, पण तुमच्या अंगणात माणसे मुक्कामाला येतात. ही संधी मोठ्या शहरातल्या पुष्कळ विद्यार्थ्यांना मिळत नाही. पाहुणे जे विचारतात ते जवळपास ठरलेले असते : जेवण केव्हा, किल्ल्यावर जायचे कसे, समुद्रात उतरता येईल का, हा मासा कोणता. या प्रश्नांची उत्तरे आजच मराठीत लिहून काढा, मग ती लहान लहान इंग्रजी वाक्यांत मांडा आणि मोठ्याने म्हणा. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. ते सांगायला ‘द बोट्स डू नॉट रन इन द मॉन्सून’ हे वाक्य पुरते. नेहमीची, दरवर्षीची गोष्ट असल्यामुळे तेथे साधा वर्तमानकाळ येतो.

शब्द अडला तर गप्प होऊ नका, वस्तूचे वर्णन करा. सोलकढीला इंग्रजी नाव शोधण्याची गरज नाही. ‘इट इज अ पिंक ड्रिंक. वी मेक इट विथ कोकम अँड कोकोनट मिल्क.’ एवढे ऐकून पाहुणा वाटी पुढे करील. माशांची नावे मात्र पाठ असावीत : बांगडा म्हणजे मॅकरेल, पापलेट म्हणजे पॉम्फ्रेट, सुरमई म्हणजे किंगफिश, तारली म्हणजे सार्डिन, तिसऱ्या म्हणजे क्लॅम्स.

दोन ठिकाणी विशेष जपावे. पहिले म्हणजे नकारार्थी प्रश्न. संकष्टीच्या दिवशी पाहुण्याने ‘डोन्ट यू हॅव फिश टुडे?’ असे विचारले, तर मराठी वळणाने उत्तर येते, ‘हो, आज नाही’. आपण समोरच्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो, म्हणून ‘हो’. तसेच ‘येस’ म्हटलेत तर पाहुणा मासळीच्या आशेने पानावर बसेल. इंग्रजीत ‘येस’ आणि ‘नो’ हे वस्तुस्थितीकडे पाहून ठरतात. मासे नाहीत, म्हणजे ‘नो, वी डोन्ट’. असतील तर ‘येस, वी डू’.

दुसरे म्हणजे आदर. मराठीत तो सर्वनामात आणि क्रियापदात असतो : ‘दे’, ‘द्या’, ‘द्याल का’. इंग्रजीत सर्वांना एकच ‘यू’, त्यामुळे ‘गिव्ह मी युअर आयडी’ हे ‘तुमचे ओळखपत्र द्या’ याचे शब्दशः भाषांतर असले तरी कानाला ‘दे इकडे’ असे लागते. ‘द्या’मधला आदर तेथे ‘कुड यू’ आणि ‘प्लीज’ यांनी भरून काढावा लागतो : ‘कुड आय सी युअर आयडी, प्लीज?’ पुढचे पाहुणे आले की हे एक वाक्य तुम्ही स्वतः बोला, घरच्या कोणाला बोलू देऊ नका. त्यानंतरच्या पाहुण्यांना दोन वाक्ये.

प्रश्न : माझी मुलगी बारावीनंतर पदवीच्या वर्गात गेली आहे. तिचे इंग्रजी सुधारावे म्हणून घरात मालवणी आणि मराठी बोलणे बंद करावे, असा सल्ला मला मिळाला. आम्हा दोघांना इंग्रजी येत नाही. काय करावे?
— एक पालक, कुडाळ

कृपा करून असे काही करू नका. तुम्हाला येत नसलेली भाषा घरात सक्तीची केलीत, तर तुमच्यातले आणि मुलीतले बोलणेच कमी होईल, आणि चार तोकड्या वाक्यांपलीकडे तिच्या हाती इंग्रजीही फारसे लागणार नाही. तुमची मुलगी घरी मालवणी आणि वर्गात प्रमाण मराठी बोलते. ‘माका’ कोठे म्हणायचे आणि ‘मला’ कोठे, हे तिला विचार न करता कळते. एका भाषेतून दुसरीत जाण्याची ही सवय तिला लहानपणापासून आहे आणि इंग्रजीसाठी तीच उपयोगी पडणार आहे. वर दिलेली सगळी उत्तरे पाहा : मराठी वाक्य नीट न्याहाळल्यावरच इंग्रजीतली चूक सापडली आहे.

आपल्याच मुलखातले उदाहरण देते. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्याच्या पानावर एका स्तंभात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी मजकूर होता. एका भाषेचे बोट धरून वाचकाला दुसरीत जाता येत होते.

तुमच्या घरातही तसे करता येईल आणि त्यासाठी तुम्हाला इंग्रजी येण्याची गरज नाही. रात्री जेवणे झाली की दहा मिनिटे बसा. दिवसभरात घडलेल्या पाच गोष्टी तुम्ही तुमच्या बोलीत सांगा : आंब्याची किती पेटी भरली, विहिरीचा पंप का बंद पडला, शेजारच्या काकू कशाला आल्या होत्या. प्रत्येक वाक्य मुलीने इंग्रजीत म्हणावे आणि लगेच वहीत उतरवावे. तुम्ही फक्त एवढेच विचारा, ‘मी सांगितलं ता सगळा इला मा?’ काही गळले असेल, तर तिला स्वतःलाच ते सापडेल. शनिवारी तिने ती वही महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवावी. आठवड्याला तीस-पस्तीस वाक्ये तपासायला त्यांना दहा-पंधरा मिनिटे लागतील, आणि आपल्या घरातलीच वाक्ये असल्यामुळे त्यांतल्या दुरुस्त्या तिच्या लक्षात राहतील.