पणजोबांची तलवार लंडनला निघालीय, अडवता येईल का?

ताई, तुमच्या पत्रातलं थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पणजोबा ग्वाल्हेर संस्थानच्या रायफल्समध्ये ऑफिसर, 1914 ला पूर्व आफ्रिकेत गेलेले, त्यांची तलवार ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या वाड्यात भिंतीवर आहे. आजोबा 1987 ला मृत्युपत्र न करता गेले. वाड्यात आता चुलतभाऊ राहतो आणि तो कुणा ब्रोकरमार्फत ती लंडनच्या गिऱ्हाइकाला कुरिअर करणार म्हणतो, आणि शेजारचे सांगतात की घरात तलवार ठेवणं हाच गुन्हा.

शेजाऱ्यांचं सोडा. आपल्या एमपीत 1974 ची अधिसूचना आहे, 6 इंचांपेक्षा लांब पात्याचं धारदार हत्यार सार्वजनिक जागी बाळगायला त्यात मनाई आहे, पोलीस शस्त्र कायद्याचं कलम 25 बी लावतात ते याच्यावरच. भिंतीवर टांगलेल्या तलवारीला ते लागू होत नाही. पण दसऱ्याला पोरांनी मिरवणुकीत नेली, किंवा कुणी स्कूटरला बांधून बाड्यावर (लश्करच्या भर चौकात) दाखवायला आणली, की झालं. "धार नाहीये साहेब" हे ठाण्यात कुणी ऐकत नाही. न्यायचीच असेल तर बंद पेटीत, आणि आधी ठाण्यात अर्ज देऊन पोच घेऊन.

आता भावाचं. ताब्यात आहे म्हणजे मालकी झाली असं नसतं हो. आजोबा 1956 नंतर गेले, मृत्युपत्र नाही, त्यामुळे हिंदू वारसा कायद्याच्या कलम 8 प्रमाणे तुमचे बाबा, काका आणि आत्या तिघांचा सारखा हिस्सा, आजी तेव्हा हयात असतील तर त्यांचाही होता, तो पुढे त्यांच्या वारसांकडे गेला. तलवार कापून वाटता येत नाही, तेव्हा एकाने ठेवून बाकीच्यांना पैसे द्यायचे किंवा सगळ्यांच्या सहीने भारतातच विकायची. एकट्याच्या सहीने विकली तर बाकीच्यांचे हिस्से काही जात नाहीत, पण वस्तू लंडनला पोचल्यावर हिस्सा घेऊन करणार काय?

खरा मुद्दा परदेशाचा आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात 100 वर्षं जुनी वस्तू देशाबाहेर पाठवायचा हक्क फक्त केंद्र सरकारला किंवा त्यांनी नेमलेल्या एजन्सीला आहे. खाजगी माणसाने पाठवली, नुसता प्रयत्न जरी केला, तरी कमीत कमी 6 महिने, जास्तीत जास्त 3 वर्षं कैद आणि वर दंड, कस्टम्स माल जप्त करतं ते वेगळंच. ब्रोकर म्हणतोय ना "रेप्लिका लिहून पाठवू", तर पार्सलवर सही कुणाची असणार हे भावाला विचारा, ब्रोकरची नक्की नसेल. आणि पुरावस्तू विकण्याचा धंदा करायलाच लायसन्स लागतं, तो कागद त्याच्याकडे मागा, बहुतेक तिथेच गप्प होईल.

तलवार 100 वर्षांची आहे का हाही प्रश्न येईल. मूठ बघा, मुकुटाखाली "जीआर" (इंग्रजी, जॉर्ज राजाची अक्षरं) असेल तर ती पाचव्या जॉर्जच्या वेळची असू शकते, म्हणजे 1910 ते 1936, आणि 1930 ची निघाली तर ती पुरावस्तूच नाही. म्हणून पात्याच्या पाठीवर, मुठीच्या जवळ, नंबर कोरलाय का ते भिंगाने बघा. विल्किन्सन या इंग्रज तलवार कंपनीची असेल तर नंबरावरून साल काढता येतं. फोटो काढा, पण ब्रासो, पितांबरी काही लावू नका, कोरीवकाम घासून गेलं की पुरावाच गेला. वाद झालाच तर शेवटचा निर्णय पुरातत्त्व खात्याच्या महासंचालकांचा.

पणजोबांचं सांगता ते खरं मानायला कारण आहे, नोव्हेंबर 1914 ला पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदराच्या लढाईत काश्मीरच्या पलटणींबरोबर ग्वाल्हेर रायफल्सची अर्धी पलटण होतीच (लढाई आपण हरलो ती गोष्ट वेगळी). तलवारीवर सहसा नाव नसतं, पण पेटीत मेडल्स असतील तर 1914-15 च्या स्टारच्या मागे आणि गोल मेडलच्या कडेवर नाव आणि पलटण कोरलेली असते. तो कागदाहून पक्का पुरावा.

आज काय करायचं, तर वकिलाकडून भावाला आणि ब्रोकरला नोटीस, स्पीड पोस्टाने, कुरिअरवाल्यालाही प्रत. ऐकलं नाही तर ग्वाल्हेर कोर्टात वाटणीचा दावा आणि त्यासोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 39 चा स्टे अर्ज, तलवार हलवू नये म्हणून. आत्यांना त्यात पार्टी करा, त्या राहिल्या तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला त्याच्यावर बोट ठेवेल.