पन्नाशीनंतर दर महिन्याला नवीन ऑनलाइन टूल शिकत बसावं, की एकच धरून ठेवावं?

तुम्ही लिहिलंय वय ५४, व्हिडिओचं नाहीतर ऑडिओचं काही नवीन आलं की उघडून बघता, थोडंफार जमतं, चार जणांना पाठवता, आणि मग घरचे म्हणतात "एक ना धड भाराभर चिंध्या". शिवाय केलेलं कुठे शेअर करू असंही विचारलंय. मी इथे एरवी नुसती वाचते, उत्तरं लिहीत नाही. पण ही म्हण दिसली आणि राहवलं नाही, कारण हीच म्हण माझा सख्खा थोरला भाऊ गेली बारा वर्षं मला ऐकवतोय, राखी बांधून घेताना सुद्धा.

सरळ उत्तर आधी देते. चालू ठेवा.

एकच धरून बसले असते तर माझं काय झालं असतं ते बघा. मी सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिक्षिका होते, २०२१ ला रिटायर झाले. एमएस-सीआयटी सगळ्यांसारखं नाइलाजाने केलं, पण त्यानंतर मला चटक लागली. ऑर्कुटवर वर्गाचे फोटो टाकायचे, ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. पिकासात फोटो नीट करायचे, ते २०१६ ला गुंडाळलं. विंडोज मूव्ही मेकरमध्ये गॅदरिंगचे व्हिडिओ जोडायचे, ते जानेवारी २०१७ मध्ये गेलं. एका तरुण गुरुजींकडून फ्लॅश शिकून जलचक्राचं अ‍ॅनिमेशन केलं होतं, दिवाळीची अख्खी सुट्टी घालवून, ढग डोंगराला आपटला की पाऊस पडायचा आणि पोरं ओरडायची. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशच मेलं. गुगल पॉडकास्ट तर २०२४ मध्ये गेलं. तर "एकच नीट शिक" म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न असा की कुठलं एक?

आणि पाच-सहा ठिकाणी हात मारला की एक गोष्ट कळते जी एकात मुरलेल्याला कळत नाही. मूव्ही मेकर घ्या, काइनमास्टर (फोनवर व्हिडिओ जोडायचं) घ्या, ऑडॅसिटी (आवाज कापायचं-जोडायचं) घ्या, आडवी पट्टी तीच. वेळ डावीकडून उजवीकडे, थर एकाखाली एक, कापायचं, सरकवायचं, जोडावर आवाज हळूहळू उतरवायचा. बटणांच्या जागा बदलतात, बाकी काही नाही. मला नवीन अ‍ॅप उघडलं की आता पहिल्या दहा मिनिटांत कळतं हे कुणाच्या कुळातलं आहे. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत, आणि कोर्स विकत घेऊही नका. भाचरांकडूनही शिकू नका, ती फोन आपल्या हातातून काढून घेतात, स्वतः करून देतात आणि "हे बघ झालं" म्हणून निघून जातात.

आता मुद्द्याचं. २०१३ ची दिवाळी. भाऊबीजेला माहेरी गेले होते आणि दुसऱ्या दिवशी आत्याला भेटायला तिच्या गावी, खटाव तालुक्यात. आत्या तेव्हा ७८ ची. पडवीत जातं अजून होतं, रोजचं दळण गिरणीतूनच यायचं, पण हरभऱ्याची डाळ ती जात्यावर भरडायची, गिरणीची आवडायची नाही तिला. मी सहज म्हटलं आत्या ओव्या म्हण ना, तर म्हणाली अशा नाही येत, खुंटा हातात लागतो. मग बसली. मी फोनचं व्हॉइस रेकॉर्डर चालू करून फोन तिच्या शेजारी पाटावर ठेवला. चाळीस मिनिटं. नंतर मोजल्या, ३२ ओव्या. रामाच्या, पंढरीच्या, लेकाच्या, आणि भाऊ-भावजयीच्या तर ढीगभर.

निघताना भाचा म्हणाला मावशी मला पण दे, म्हणून तिथेच पडवीत उभ्या उभ्या ब्लूटूथने त्याच्या फोनवर फाइल टाकली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरी येऊन ऐकलं तर आत्याचा आवाज कमी आणि जात्याची घरघर जास्त. फाइल एएमआर नावाच्या प्रकारातली, जुन्या फोनांत तीच व्हायची, आवाज लँडलाइनवर बोलल्यासारखा चिमटलेला. ऑडॅसिटी डाउनलोड केलं (फुकट आहे, २००० सालापासून आहे, आणि अजून जिवंत आहे, ही नोंद घ्या) तर ते एएमआर उघडेचना. एफएफएमपेग नावाची वेगळी लायब्ररी टाकावी लागते हे कळायला मला तीन आठवडे लागले, शाळा, सहामाहीचे निकाल आणि घर सांभाळून. मग नॉइज रिडक्शन सापडलं (तेव्हा त्याचं नाव नॉइज रिमूव्हल होतं). नुसता नको असलेला आवाज असलेला एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडायचा, त्याला सांगायचं "हा कचरा ओळखून ठेव", मग सगळी फाइल निवडून तो कचरा काढायला लावायचा. मी जात्याची घरघर निवडली आणि आकडा चढवला, परत चढवला, परत चढवला. घरघर गेली. मला जग जिंकल्यासारखं वाटलं. मूळ फाइल फोनमधून उडवली, मेमरी कार्ड भरलं होतं.

संक्रांतीला आत्याला ऐकवायला गेले. तिने कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "जातं कुठं गेलं गं?" मी म्हटलं काढलं, आवाज स्वच्छ केला. तर म्हणाली, "मी हिरीत पडल्यागत वाटतंया."

खरंच तसंच वाटत होतं. त्यात दोन चुका होत्या, एक मशीनची आणि एक माझी. मशीनची अशी की आकडा फार चढवला तर घरघरीबरोबर माणसाच्या आवाजातलं पण बरंच निघून जातं, उरतं ते पाण्याखाली बोलल्यासारखं. माझी अशी की ओवीचा ठेका जात्याच्या फेऱ्यात असतो हे मराठी शिकवणाऱ्या बाईला कळू नये! जातं हा कचरा नव्हताच, तो तबला होता. पुण्याहून हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात गावोगावच्या बायकांच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्यात, आता त्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर येत असतात. त्यातलं काही मी आधी ऐकलं असतं तर हा गाढवपणा केला नसता.

मूळ फाइल वाचली ती भाच्यामुळे. म्हणजे भाच्यामुळे पण नाही, मी ती ओबडधोबड असतानाच देऊन टाकली होती म्हणून. "आधी नीट शिक, मग लोकांना दाखव" हे दादाचं दुसरं लाडकं वाक्य. नीट शिकेपर्यंत थांबले असते तर आत्याचा खरा आवाज कुठेच उरला नसता, ती २०१६ ला गेली. म्हणून तुमच्या "कुठे शेअर करू" या प्रश्नाला माझं उत्तर आहे, आधी एका माणसाला, त्याच दिवशी, कच्चं असताना. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो-व्हिडिओ पिळून निम्मे होऊन पोचतात. जगासमोर ठेवायचं ते नंतर. आर्काइव्ह डॉट ऑर्ग चांगलं आहे, विकिमीडिया कॉमन्स (विकिपीडियावाल्यांचं फोटो-व्हिडिओ-आवाजाचं भांडार) चांगलं आहे (तिथे एमपीफोर व्हिडिओ चालत नाही, वेबएम नावाच्या प्रकारात करून टाकावा लागतो), पण २०२४ च्या ऑक्टोबरात हल्ला झाला तेव्हा आर्काइव्ह पण काही दिवस बंद होतं. त्यामुळे घरी पेनड्राइव्हवर एक प्रत, आणि तो पेनड्राइव्ह देवघराच्या खणात नको, तिथे तेल सांडतं. हे अनुभवाने सांगते.

आता दादाचं. भाच्याने ती फाइल भावकीच्या ग्रुपवर टाकली. त्यात भावजयीच्या ओव्या होत्या, की माहेरी गेलं तर भाऊ हाक मारतो पण भावजय तांब्याभर पाणी पण विचारत नाही, अशा अर्थाच्या. आता आत्याची भावजय म्हणजे आमची आई. आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. दादाने मला फोन केला आणि जे बोलला ते इथे लिहीत नाही. सारांश, मी मेलेल्या आईला गावभर बदनाम केलं.

मी त्याला तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते, ती भावजय आईच असं काही नाही. ती प्रत्येक ओवीत असते, साताऱ्यापासून मराठवाड्यापर्यंत बायका तिच्या नावाने बोटं मोडतात आणि त्याच बायका दुसऱ्या कुणाच्या तरी ओवीतली भावजय असतात. आईने स्वतः पण म्हटल्या असतील अशा, तिच्या भावजयीवर. दादा म्हणाला तुला टूल कळतात, माणसं कळत नाहीत. तेव्हापासून मी काहीही नवीन करून दाखवलं की चिंध्या. लॉकडाउनमध्ये ओबीएस (स्क्रीन रेकॉर्ड करायचं) शिकून पोरांसाठी गणिताचे धडे रेकॉर्ड केले, चिंध्या. जिओजेब्रा (गणिताच्या आकृत्या काढायचं) शिकले, चिंध्या. मी एकदा म्हटलं चिंध्यांचीच गोधडी होते, तर म्हणाला गोधडीला शिवण लागते बाई. ते उत्तर चांगलं होतं, मान्य. पण तो टूलबद्दल बोलतच नव्हता, कधीच नव्हता, आणि तुमच्या घरचे पण कदाचित दुसऱ्याच कशावर चिडलेले असतील. एकदा विचारून बघा.

आणि आता जे मला वरती लिहायला हवं होतं ते. दादा अगदीच चूक नव्हता. मी आत्याला रेकॉर्ड करते म्हणून सांगितलं होतं, लोकांना पाठवू का हे विचारलं नव्हतं. तिला वाटलं घरच्या घरी ऐकायला. आणि ३२ मधल्या एका ओवीत तिने आमच्या घराची खूण घातली होती, दारातल्या लिंबाची, भावकीत कुणालाही कळेल अशी. ती ओवी मी त्या दिवशी ऐकून सोडून दिली होती, माझं सगळं लक्ष घरघरीवर होतं. तेव्हा शेअर करा म्हणते खरी, पण ज्याचा आवाज आहे त्याला स्पष्ट विचारा, "गावातल्या सगळ्यांनी ऐकलं तर चालेल का?" अशा शब्दांत विचारा, आणि पाठवण्याआधी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा ऐका, दुरुस्त करायला नाही, नुसतं ऐकायला. आत्या गेल्यानंतर तिच्या मुलांना विचारून मी ३१ ओव्या जात्यासकट वर टाकल्या. ती एक पेनड्राइव्हवरच आहे.

मागच्या महिन्यात ती एक ओवी कागदावर उतरवून घ्यावी म्हणून फोनच्या मराठी व्हॉइस टायपिंगसमोर लावून बघितली. साधं बोललेलं ते आता बरंच नीट पकडतं, पण ओवीत पार गोंधळलं, "भावजय" च्या जागी त्याने "भाव जय" असं तोडून लिहिलं. मग हाताने लिहून काढली, आणि पोस्टाने दादाला पाठवली, लिंबाच्या ओळीखाली रेघ मारून. अजून काही बोलला नाहीये. राखी ऑगस्टमध्ये आहे.

तुम्ही सध्या कुठलं अ‍ॅप उघडून बसलाय ते लिहिलं नाहीत. आवाजाचं असेल तर सांगा, मला पण बघायचंय.