मशीनमधले कपडे तेवढे काढते

प्रश्न: माझे वय 52 आहे. दहा आठवड्यांपूर्वी माझ्या कंबरेच्या दोन मणक्यांचे फ्यूजन, म्हणजे ते एकमेकांना जोडण्याची शस्त्रक्रिया, झाले. पायात उतरणारी कळ थांबली, पण कंबर अजून दुखते. सकाळी बरे असते, दुपारनंतर बसवतही नाही. शस्त्रक्रिया फसली की काय, या भीतीने झोप लागत नाही. पती अतिशय समजूतदार आहेत, कधी टाकून बोलत नाहीत. मी जड काम काहीच करत नाही. मशीनमधले कपडे तेवढे काढते आणि वाळत घालते. मन शांत कसे ठेवू?

उत्तर: मनाचे नंतर पाहू, आधी त्या कपड्यांविषयी बोलू. ज्या कामाला तुम्ही ‘तेवढे’ म्हणता, त्यात तुम्ही कंबरेतून वाकता, ओल्या कपड्यांचा पिळा शरीरापासून लांब धरून ओढता आणि मग बादलीकडे वळताना कंबरेला पीळ देता. म्हणजे वाकणे, उचलणे आणि वळणे, या ज्या तीन गोष्टी फ्यूजननंतर टाळायला सांगतात, त्या तुम्ही एका दमात आणि पुन्हा पुन्हा करता. त्यानंतर हात उंच करून दोरीवर कपडे टाकताना कंबर मागे झुकते ती वेगळीच. कंबर दुपारनंतरच का दुखते, हे मला विचारण्याऐवजी मशीन किती वाजता थांबते ते पाहा.

तुमच्या पाठीत आज नेमके काय चालले आहे, हे कोणी तुम्हाला नीट सांगितलेले दिसत नाही. स्क्रू आणि सळ्या मणक्यांना तात्पुरते धरून ठेवतात. खरा जोड तिथे बसवलेल्या हाडाच्या कलमातून तयार व्हायचा असतो आणि तो पक्का व्हायला बहुधा सहा महिने ते वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. हाड जुळण्याआधी तोच ताण रोज पडत राहिला, तर स्क्रू सैल होऊ शकतात आणि जोड अपुरा राहू शकतो. शिवाय पाठीमागून शस्त्रक्रिया करताना बाजूला सारलेले स्नायू अजून अशक्त असतात. त्यामुळे दहाव्या आठवड्यात कंबर दुखते, एवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असे मुळीच म्हणता येत नाही. दाबलेली नस मोकळी झाल्याने पायाची कळ लवकर थांबावी आणि कंबर मागे रेंगाळावी, असे पुष्कळांचे होते.

आता तुमच्या पतींविषयी. दहा आठवडे रोज वाळलेले कपडे अंगात घालून ते कोणी काढले, हा प्रश्न ज्यांना पडला नाही, त्यांच्या समजूतदारपणाचे कौतुक मला करता येत नाही. हाताला प्लास्टर असते तर त्यांनी तुम्हाला बादलीला हात लावू दिला नसता. तुमचा मोडलेला भाग कपड्यांखाली झाकलेला आहे, एवढाच काय तो फरक. आणि तुम्हीही, बाई, ‘घरात माझा काही उपयोग राहिला नाही’ या धास्तीने ते काम हातात धरून ठेवले आहे, असे तुमच्या त्या एका ओळीवरून मला वाटते. ही धास्ती मला समजते, पण तिच्यापायी पाठ पणाला लावू नका.

म्हणून एकच करा: आज रात्री पतींना सांगा की उद्यापासून कपडे काढणे आणि वाळत घालणे त्यांचे, आणि सर्जन एक्स-रे पाहून परवानगी देईपर्यंत ते त्यांचेच राहील. ‘जमेल तेव्हा करा’ असे म्हणू नका. तो वेळ चालण्याला द्या. एकदम लांब जाण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे, आणि कंबर भरून येण्याआधी परत फिरा. मनाने औषधाच्या दुकानातून सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या आणू नका, कारण त्यांतल्या काही हाड जुळेपर्यंत टाळायला सर्जन सांगतात. पुढच्या तपासणीत ‘मी जड काम करत नाही’ एवढेच न सांगता कपड्यांचेही सांगा.

ताप आला, जखमेतून स्राव आला, पायातली ताकद कमी झाली किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता सर्जनना त्याच दिवशी कळवा. जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.