ज्याचं नाव एकाही क्लूमध्ये नाही, त्याच्याकडे आधी बघा

तुमचं कोडं थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांना मागे जाऊन शोधायला नको. चार मजली इमारत (सगळ्यात खालचा मजला पहिला), प्रत्येक मजल्यावर एकच घर. अलका, नंदा, रेखा आणि शोभा या चार घरांतल्या चौघींनी भिशीला एकेक पदार्थ आणला: अळूवडी, ढोकळा, थालीपीठ, साबुदाणा वडे. कोण कुठल्या मजल्यावर राहते आणि कुणी काय आणलं? क्लू चार.

पहिला: साबुदाणा वडे आणणारी नंदाच्या लगेच खालच्या मजल्यावर राहते.
दुसरा: शोभाचं घर अळूवडीवालीच्या वर आहे, पण रेखाच्या खाली.
तिसरा: थालीपीठ तिसऱ्या मजल्यावरून आलं.
चौथा: शोभाने थालीपीठ आणलेलं नाही.

तुमचं म्हणणं असं की चारही क्लू वापरून झाले, तक्त्यात (नावं-मजले, पदार्थ-मजले आणि नावं-पदार्थ अशा तीन चौकटी, मजले वर आडवे मांडलेले, जे जुळत नाही तिथे फुली) सगळीकडे फुल्या, बरोबरची खूण एकच (थालीपीठ आणि तिसरा मजला), तर आता अलकाला अंदाजाने चौथ्या मजल्यावर टाकून पुढे जाऊ का.

नका जाऊ. तुमच्या फुल्या मी तपासल्या, सगळ्या बरोबर आहेत. कोडं तुमच्यासमोर जवळजवळ सुटलेलं पडलंय, फक्त तुम्ही ते आडवं वाचताय. बहुतेक जण असंच करतात, कारण क्लू माणसाबद्दल बोलतो, मग आपण त्या माणसाची आडवी ओळ बघतो, फुली मारतो आणि पुढच्या क्लूवर जातो. उभ्या रांगेकडे कुणी ढुंकून बघत नाही.

आता पहिल्या मजल्याची उभी रांग बघा. नंदा पहिल्यावर नाही, कारण तिच्या खाली कुणीतरी राहतं. शोभा नाही, तिच्याखाली अळूवडी आहे. रेखा तर शोभाच्याही वर. तीन फुल्या पडल्या, म्हणजे पहिल्या मजल्यावर अलका. तुम्ही तिला चौथ्यावर पाठवायला निघाला होतात!

हेच पदार्थांच्या बाजूने करा. चौथ्या मजल्यावरून काय येऊ शकतं? साबुदाणा वडे नाहीत, कारण त्यांच्या वर नंदा आहे. अळूवडी नाही, तिच्या वर शोभा आणि रेखा दोघी. थालीपीठ तिसऱ्यावर गेलेलंच आहे. उरला ढोकळा.

इथे जरा थांबा आणि चारही क्लू परत वाचा. अलका आणि ढोकळा ही दोन नावं त्यात कुठेही नाहीत. आणि नेमकी हीच दोन सगळ्यात आधी सुटली. हा योगायोग नाही. कोडं रचणारा ज्याच्याबद्दल गप्प बसतो, त्याच्याबद्दलची सगळी माहिती इतरांच्या नकारांमध्ये साठलेली असते. म्हणून माझी सवय अशी: क्लू एकदा वाचून झाले की नावांची यादी समोर धरायची, क्लूमध्ये न आलेल्या नावांखाली रेघ मारायची, आणि फुल्या भरल्या की आधी तिथे जायचं. त्यांच्या आडव्या ओळी कोऱ्या दिसतात, पण त्यांचं उत्तर उभ्या रांगांत असतं.

पुढचं भराभर. अळूवडी आणि साबुदाणा वडे आता पहिल्या-दुसऱ्या मजल्यात वाटले जाणार, कुठलं कुठे ते माहीत नाही. चालेल. आता पहिला क्लू पुन्हा वाचा. हो, पुन्हा. 'लगेच खाली', 'नंतर', 'मध्ये' असे क्लू एकदा वापरले की संपत नाहीत. तक्ता बदलला की त्यांच्यातून नवीन काहीतरी निघतं. वडे पहिल्या किंवा दुसऱ्यावर, म्हणजे नंदा दुसऱ्या किंवा तिसऱ्यावर. शोभाही दुसऱ्या किंवा तिसऱ्यावरच (तिच्या खाली एक, वर एक). दोघींनी मिळून दोन मजले अडवले. कुणी कुठला घेतला हे ठरायच्या आधीच रेखाला तिसरा मिळणं शक्य नाही हे पक्कं झालं. रेखा चौथ्यावर, आणि ढोकळा तिचा.

सुडोकू सोडवणाऱ्यांना ही जोडी ओळखीची असेल. दोन नावं, त्यांना तीच दोन घरं, की बाकी सगळ्यांना त्या घरांत फुली. इथे लोकांना ती दिसत नाही, कारण त्यांना वाटतं की बरोबरची खूण आल्याशिवाय काही हाती लागलंच नाही.

शेवटी चौथा क्लू. शोभाने थालीपीठ आणलं नाही, थालीपीठ तिसऱ्यावरचं, म्हणून शोभा तिसऱ्यावर नाही. एका चौकटीतली फुली दुसऱ्या चौकटीत नेणं यालाच म्हणतात, आणि तीन चौकटींचा तक्ता काढायचा तो यासाठीच. नाहीतर नावांपुढे मजले लिहिले असते तरी भागलं असतं. शोभा दुसऱ्यावर, नंदा तिसऱ्यावर आणि थालीपीठ तिचं. नंदाच्या लगेच खाली शोभा, म्हणून वडे शोभाचे. अलकाला अळूवडी. कुठेही अंदाज लागला नाही. नावं आणि मजले 24 प्रकारे जुळू शकतात, पदार्थ आणि मजलेही 24 प्रकारे, म्हणजे एकूण 576 शक्यता. त्यातून एक शोधायला चार वाक्यं पुरली.

या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं कोडं म्हणजे पाच घरं आणि झेब्रा. 'लाइफ इंटरनॅशनल' या नियतकालिकात ते 17 डिसेंबर 1962 रोजी छापून आलं. पाच रंगांची घरं, पाच देशांची माणसं, त्यांची पेयं, सिगारेटी आणि पाळीव प्राणी. प्रश्न दोनच: पाणी कोण पितं, आणि झेब्रा कुणाचा? क्लूंमध्ये ना पाणी येतं ना झेब्रा. तिथल्या शक्यता मोजल्या तर 24,88,32,00,000 होतात, म्हणजे 2,488 कोटींच्या वर, पण युक्ती भिशीच्या कोड्यातलीच. व्हॉट्सअ‍ॅपवर ते 'आइन्स्टाइनने लहानपणी रचलेलं, फक्त 2 टक्के लोकांना सुटतं' अशा मथळ्याने फिरतं. त्याला कसलाही पुरावा नाही. छापलेल्या कोड्यात कूल सिगारेट आहे, आणि ती बाजारात आली 1933 साली, तेव्हा आइन्स्टाइन पन्नाशी ओलांडून गेले होते. 2 टक्क्यांचं तर सोडूनच द्या, शांतपणे तक्ता काढून बसणाऱ्या कुणालाही ते सुटतं.

रोजच्या आयुष्यातल्या कोड्यांचा एक वेगळा त्रास असतो, तो म्हणजे आपलं सामान्यज्ञान. थालीपीठ म्हटलं की देशावरची, अळूवडी म्हटली की कोकणातली, असं मनात सुरू होतं. दूधवाला सकाळीच येणार, आजोबा तळमजल्यावरच राहणार, हेही तसंच. कोड्यात जे लिहिलंय तेवढंच खरं. उलट शब्दांच्या बाबतीत मात्र कंजूष व्हा. 'वर' म्हणजे कितीही मजले वर, 'लगेच वर' म्हणजे एकच. 'रेखा आणि ढोकळेवाली जिन्यात भेटल्या' असं आलं की रेखाने ढोकळा आणलेला नाही, ही फुली फुकटात मिळते आणि नवशिक्यांकडून हमखास सुटते.

मुलांसाठी स्वतः कोडं रचायचं असेल तर मराठीत एक गोम आहे. पुरुष आणि बायका एकत्र घेतल्या तर क्रियापद चुगली करतं. 'ढोकळा आणणारा' लिहिलंत की अर्ध्या नावांवर न मागता फुली पडली. म्हणून एकतर सगळ्या मैत्रिणी किंवा सगळे मित्र घ्या, नाहीतर 'ढोकळा आणणारी व्यक्ती' असं जरा सरकारी लिहा. रचायचं उत्तरापासून: आधी पूर्ण तक्ता भरा, मग क्लू लिहा, आणि शेवटी एकेक क्लू झाकून बघा. तुमच्या कोड्यातला तिसरा झाकला तर चार उत्तरं निघतात, चौथा झाकला तर दोन. झाकूनही उत्तर एकच राहिलं, तर तो क्लू भरतीचा आहे, काढून टाका.

भाच्याच्या बँकेच्या परीक्षेबद्दल विचारलंत. तिथे हा फुल्यांचा तक्ता वापरू देऊ नका. आयबीपीएस पीओच्या (बँक अधिकारी भरतीच्या) प्रीलिम्सला, म्हणजे पूर्वपरीक्षेला, रीझनिंगला (तर्काच्या प्रश्नांना) 20 मिनिटं असतात, 48 चौकोन आखायला वेळ कुठला? तिथे मजले 4 ते 1 असे उभे लिहायचे, शेजारी नाव आणि पदार्थाचे रकाने, आणि जिथे दोन शक्यता उरतील तिथे दोन्ही बाजूबाजूला मांडून पुढे जायचं. एक फसली की तिच्यावर आडवी रेघ. पण घरी महिनाभर फुल्यांच्या तक्त्यावरच हात बसू दे. उभ्या रांगेत बघायची सवय एकदा लागली की रकाने लिहितानाही ती सुटत नाही.

सरावासाठी: तुमचे पहिले तीन क्लू तसेच ठेवा, चौथा काढा आणि त्याजागी 'अलकाने साबुदाणा वडे आणले' असं घाला. उत्तर बदलेल. या वेळी क्लूमध्ये न आलेलं नाव एकच उरतं, तिथून सुरुवात करा आणि नंदाने काय आणलं ते इथे कळवा.