रेघ मारायची राहून गेली होती

“मॅडम, कुणी एक शब्द बोललं की माझ्या मनातनं तो जातच नाही. मन घट्ट करायला काय करू?”

सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न मी कॉलेजच्या पोरांकडून ऐकलाय, नव्या सुनांकडून ऐकलाय, निवृत्त साहेबांकडूनही ऐकलाय. या वेळी विचारणारे होते मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातले दिवाणजी. राहायला हरिपूर. त्यांच्या परवानगीनं लिहितेय, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

झालं होतं एवढंच. सौद्याच्या गर्दीत एका शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, दर चुकीचा पडला. शेतकरी परत आला, दहा मिनिटांत पट्टी दुरुस्त झाली. पण मालक हमालांसमोर म्हणाले, “वीस वर्षं काय नुसत्या रेघोट्या ओढल्या का?” त्याला चार महिने झाले होते.

मधल्या काळात मुलानं मोबाईलवर स्टोइक, म्हणजे जुन्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांच्या, विचारांचे व्हिडिओ दाखवले. रोज रात्री स्वतःला तपासा, आतून बळ येईल. दिवाणजींनी दोनशेपानी वही आणली आणि मनापासून लिहायला घेतलं. ती वही त्यांनी माझ्यासमोर ठेवली. अक्षर मोत्यासारखं, आणि जवळजवळ प्रत्येक पानावर तीच चूक. ‘असं झालंच कसं.’ ‘मी निष्काळजी माणूस आहे.’ एका वाक्याखाली पेन इतकं दाबलं होतं की पुढच्या तीन पानांवर त्याचे वळ उठले होते.

झोप दोनशिवाय लागत नव्हती, पण जेवण आणि काम ठीक होतं. जीव नकोसा होतो का, हेही मी सरळ विचारलं. नाही म्हणाले. उत्तर वेगळं असतं तर मी वही बाजूला ठेवून त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. हे वाचणाऱ्या कुणाचं उत्तर वेगळं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर आजच फोन करा, तिथे रात्रीही कुणीतरी असतं.

मग मी त्यांना सेनेकाची रात्र सांगितली. सेनेका पहिल्या शतकातला रोमन विचारवंत, नीरो बादशहाचा शिक्षक आणि पुढे सल्लागार. रागावर लिहिताना त्यानं स्वतःची सवय नोंदवून ठेवलीय. दिवा नेला, आणि सवय माहीत असलेली बायको गप्प झाली, की तो सबंध दिवस तपासायचा. बोललेलं, केलेलं, सगळं. स्वतःपासून काहीही लपवायचं नाही. इथपर्यंत व्हिडिओवाले सांगतात. पुढचं बहुतेक वेळा गळतं. सेनेका चूक सापडल्यावर स्वतःला म्हणतो, पुन्हा असं करू नकोस, या वेळी तुला माफ केलं. म्हणजे त्याच्या कोर्टात निकाल लागतो. दिवाणजींच्या वहीत चार महिने नुसत्या तारखा पडत होत्या.

ते गप्प बसले. मी विचारलं, “तुम्ही रोजमेळ कसा लिहिता?”

पहिल्यांदाच चेहऱ्यावर जान आली. “सुरुवातीची शिल्लक, जमा, नावे, अखेरची शिल्लक. गल्ला मोजायचा, मेळ बसला की खाली रेघ.”

“आणि मागच्या महिन्यातली चूक आज सापडली तर?”

“मागच्या पानाला हात लावायचा नाही, मॅडम. खाडाखोड चालत नाही. आजच्या तारखेला दुरुस्तीची नोंद टाकायची.”

बोलून झालं आणि ते वहीकडे बघत राहिले. मी काही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती.

नवी पद्धत आम्ही त्यांच्याच धंद्यातनं काढली. काय घडलं ते एका ओळीत, ‘निष्काळजी’ असलं विशेषण न लावता. त्यातलं माझ्या हातात काय होतं. उद्या काय करणार. मग रेघ. पंधरा मिनिटांच्या वर बसायचं नाही.

वेळेचा घोळ मात्र त्यांनीच सोडवला. डोकं तापलेलं असताना लिहायला बसलं की पुन्हा जुनंच सुरू व्हायचं. हरिपुरात पूर्वी हळद साठवायला जमिनीत खोल पेवं असायची. त्यांचे वडील पेवावर काम करायचे. दिवाणजी म्हणाले, “पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. आत हवा नसते, माणूस गुदमरतो. काही तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. कंदील जळत राहिला तरच उतरायचं.” तेव्हापासून दुकानातनं आल्यावर अंघोळ, जेवण, संगमाकडे एक चक्कर, आणि मगच वही. हा भाग मी आता इतरांनाही सांगते.

एक चूक माझीही झाली. एपिक्टेटस हा गुलाम म्हणून जन्मलेला स्टोइक शिक्षक. आपल्या हातात काय आणि काय नाही, हे आधी वेगळं करा, असं तो शिकवायचा. आपलं मत, इच्छा, कृती आपल्या हातात. पैसा, पद, लोकांनी दिलेला मान आपल्या हातात नाही. हे मी घाईनं सांगितलं, आणि दिवाणजींनी ऐकलं ते असं की मालक बोलले तर गिळून टाकायचं. पुढच्या वेळी आले ते अगदी मिटून. तेव्हा बसून पुन्हा उलगडलं. मालकांची जीभ तुमच्या हातात नाही, बरोबर. पण त्यांच्याशी नीट शब्दांत बोलणं तुमच्याच हातात आहे. मन घट्ट करणं म्हणजे मन बधिर करणं, हा गैरसमज मला फार खुपतो. अपमान लागला तर लागला म्हणावं. तो खोटा नसतो.

तीन आठवडे गेले. मग एका दुपारी गर्दी ओसरल्यावर ते मालकांना म्हणाले, “चूक झाली तर जरूर सांगा, पण आत बोलावून सांगा.” मालक “बरं” म्हणाले आणि फोनकडे वळले. माफी वगैरे काही नाही. दिवाणजींना त्या रात्री झोप मात्र लवकर लागली.

शेवटच्या भेटीत त्यांनी वही पुन्हा दाखवली. आदल्या दिवसाचं पान होतं.

‘आज दर दोनदा ताडून पाहिले, तरी एका पट्टीत हमालीचा आकडा चुकला. शेतकऱ्याला गेटवरनं परत बोलावलं. मालकांना मीच सांगितलं. उद्या हमालीची बेरीज वेगळ्या कागदावर.’

खाली रेघ. फूटपट्टी लावून मारलेली, आणि पुढच्या पानावर वळ नव्हता.