सोनकी, रानमोडी की गोल्डन रॉड? आधी पान बघा

नमस्कार मंडळी. या आठवड्यात दोघांचे प्रश्न एकाच झाडाभोवती फिरतायत म्हणून एकत्रच उत्तर देतो. पेडण्याच्या काकांनी पिवळ्या तुऱ्याचा फोटो पाठवून विचारलंय, ही सड्यावरची सोनकीच ना? आणि सत्तरीच्या ताईंना कोणीतरी गोल्डन रॉडच्या मुळ्या दिल्या, त्या लावल्या, पण आता कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) कडेला जे उगवलंय ते गोल्डन रॉड की रानमोडीचं तण ते कळत नाही, फूल अजून नाही.

काका, ही सोनकी नव्हे. बुकेत भरायला वापरतात ते गोल्डन रॉड, म्हणजे सॉलिडॅगो, मूळचं बहुतेक उत्तर अमेरिकेतलं. सोनकी पण सूर्यफुलाच्याच कुळातली, म्हणून घोळ होतो, पण सोनकीचं एकेक फूल सुटं दिसतं आणि त्याच्याखाली हिरव्या पात्यांची एकच ओळ असते, गोल्डन रॉडची फुलं जेमतेम तीनचार मिलीमीटरची, शेकड्यांनी, आणि हिरवी पाती कौलांसारखी एकावर एक चढलेली. भिंग नसेल तर मोबाईलचा झूम चालतो.

ताई, तुमचा प्रश्न जास्त अवघड, कारण दोघांच्याही पानावर तीन ठळक शिरा असतात आणि तिथेच लोक फसतात (मी पण एकदा फसलोय, सांगायला लाज नाही). खोड बघा. रानमोडीची पानं समोरासमोर जोडीने, देठवाली, बुडाशी रुंद, चुरडली की उग्र वास. गोल्डन रॉडची एकाआड एक, अरुंद, भाल्यासारखी, देठ जवळजवळ नाहीच. रानमोडीला पिवळं फूल येतच नाही, पांढरट-जांभळट येतं.

आता नेमकी जात कुठली? वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये नाव दिलेलं सॉलिडॅगो कॅनाडेन्सिस आणि नंतरचं सॉलिडॅगो जायगॅन्टिया ही दोन जुळ्या भावांसारखी. तुऱ्याखालच्या खोडावर बोट फिरवा, बारीक लव लागली तर कॅनाडेन्सिस, गुळगुळीत आणि पांढरट साय असल्यासारखं असेल तर जायगॅन्टिया. पण बाजारातली बरीच रोपं संकरित असतात, त्यामुळे नुसत्या तुऱ्याच्या फोटोवरून जात सांगणारा मी तरी नव्हे.

आणि हो, हे झाड जमिनीखालच्या खोडाने पसरतं, वर बी वाऱ्यावर उडतं, चीन आणि युरोपात त्याने शेतकऱ्यांना वैताग आणलाय. म्हणून कुंडीत किंवा ग्रो बॅगमध्येच ठेवा, वहाळाच्या काठी नको, तुरे सुकायच्या आधी कापा, उपटलेल्या मुळ्या कंपोस्टात टाकू नका, उन्हात कडक वाळवा.

काका, पुढचा फोटो पाठवताना खोडाचा मधला भाग आणि पानाची मागची बाजू पण घ्या.